मूळ अर्थाचा हट्ट मी सोडला

जर्मन शिकवायला लागल्यापासून कितीतरी वर्षं मी एक मत निष्ठेनं जपलं. शब्दाला एक मूळ घर असतं, त्या घरातला अर्थ खरा, आणि तिथून तो दुसऱ्या भाषांत गेला की त्याच्या अर्थात जे बदल होतात ती सगळी झीज, असं मी मानत आले. वर्गात हे समजावून देताना माझा हुकमी शब्द एकच असे: गिम्नाझियम. मुळात ग्रीक. इंग्रजीत त्याचं ‘जिम’ झालं. आरसे, डंबेल्स, ट्रेडमिल. फ्रेंचमधलं ‘झिम्नाझ’ म्हणजे खेळांचं बंदिस्त सभागृह. स्पॅनिश ‘हिम्नासिओ’ही घाम गाळायचीच जागा. जर्मन ‘ग्युम्नाझियुम’ मात्र शाळा, तीही विद्यापीठाची वाट उघडणारी, लॅटिन आणि ग्रीक शिकवण्याची परंपरा सांभाळणारी. बाकीच्यांनी टरफल ठेवलं आणि जर्मनांनी गर राखला, असं मी म्हणायची. ज्या भाषेवर जीव लावला तिची बाजू घेताना वाटणारा अभिमान त्यात होताच.

आज मी हे म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण बदल नुसत्या एका शब्दाबद्दलच्या मतात झालेला नाही.

माझा सगळा आधार अथेन्समध्ये होता. प्राचीन अथेन्सच्या तटबंदीबाहेर तीन मोठी सार्वजनिक गिम्नाझियम होती. वायव्येला अकादमी, अकादेमोस या वीराच्या नावाची राई. पूर्वेला लायसियम, अपोलो लिकेयोसच्या देवस्थानाशेजारी. दक्षिणेला किनोसार्गेस, हेराक्लिसचं स्थान. ज्यांच्या आई-बापांपैकी एक तरी अथेन्सचा नागरिक नव्हता अशी मुलं तिथे जात. इसवी सनापूर्वी ३८७ च्या सुमाराला प्लेटोनं अकादमीत आपली शाळा मांडली, ३३५ मध्ये अ‍ॅरिस्टॉटलनं लायसियममध्ये. सॉक्रेटिस तर या जागांवर रोजच्या रोज तरुणांना गाठून प्रश्न विचारायचा. आज युरोपभर शाळा-महाशाळांना जी नावं देतात, अकादमी, लायसियम, गिम्नाझियम, ती तिन्ही या आवारांतून आली. १९९६ साली अथेन्समध्ये एका संग्रहालयाचा पाया खणताना लायसियमचे अवशेष सापडले. पुराव्यासाठी मी ही गोष्टही सांगायची. सापडलं काय होतं, तर कुस्तीगृह. ते सांगताना माझा आवाज थोडा उतरायचा, कारण माझ्या बाजूनं बोलण्यासाठी मला ग्रंथालय सापडायला हवं होतं.

इथेच खरी अडचण होती, आणि ती मला माहीत नव्हती असं मी म्हणणार नाही. ‘गिम्नोस’ म्हणजे नग्न. अलेक्झांडरबरोबर तक्षशिलेपर्यंत आलेल्या ग्रीकांना जे नग्न तपस्वी भेटले, त्यांना पुढच्या लेखकांनी ‘गिम्नोसोफिस्ट’ म्हटलं, तेही याच शब्दावरून. गिम्नाझियम म्हणजे कपडे उतरवून व्यायाम करायची जागा. धावायची लांब ओसरी, वाळूचं कुस्तीगृह, अंगाला तेल चोळायची खोली, स्नानगृह. तेल, धूळ आणि घाम खरवडून काढायला ब्राँझची खुरपणी. आवाराच्या कडेनं दगडी बाकं असत, तिथे वडीलधारी मंडळी बसत, आणि मुलं जिथे जमतात तिथे बोलायला तत्त्ववेत्ते येत. आधी आखाडा, मग चर्चा. मुळातला अर्थ तोच खरा असं धरलं, तर इंग्रजी जिमवाला जिंकतो आणि जर्मन शाळामास्तर हरतो. मुळाचा दाखला मी देत होते, पण त्यातला मला आवडणारा थर तेवढा उचलून.

हे मला दाखवून दिलं कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्यानं. झीज आणि टरफल यांवरचं माझं बोलणं संपल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, मग आमच्या तालमीचं काय? तालीम म्हणजे शिक्षण. आम्ही त्याची कुस्ती केली. म्हणजे आम्ही शब्द बिघडवला म्हणायचं का?” त्यानं खोचकपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन विचार करत बसले आणि वाटलं, इतकी वर्षं हा शब्द रोज कानांवर पडतोय आणि आपल्याला तो दिसला कसा नाही. ‘तालीम’ अरबी शब्द. इल्म, आलिम, मुअल्लिम यांच्याच मुळातला. अरबीत त्याचा अर्थ शिकवणं. उर्दूत आणि हिंदुस्तानीत तो आजही शिक्षण. तुर्कीत ‘तालिम’ म्हणजे सराव, लष्करी कवायत. पण तिथल्या शिक्षण खात्याच्या अभ्यासक्रम मंडळाच्या नावातही तोच शब्द आहे. आणि आमच्याकडे? लाल मातीचा हौदा, मारुतीची तसबीर, जोर-बैठका, खुराक आणि वस्ताद. वस्ताद हाही फारसीतून आलेला गुरूच. ग्रीक शब्द घामाकडून पुस्तकाकडे गेला, अरबी शब्द पुस्तकाकडून घामाकडे आला. एकमेकांकडे तोंड करून चाललेले हे दोन प्रवास जुळवून कोणी मांडल्यासारखे वाटतात, पण कोणीही ठरवून मांडलेले नाहीत.

आणि कोल्हापुरात तो शब्द कुस्तीवरही थांबला नाही. तिथे तालीम म्हणजे पेठेचं मंडळ, पेठेचा गणपती, पेठेची अस्मिता. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही फुटबॉलच्या संघांची नावं आहेत. शिक्षणाचा शब्द शाहू स्टेडियमवर गोल मारतोय. पुण्या-मुंबईत म्हणाल तर नाटकवाल्यांची तालीम वेगळीच. आणि याच महाराष्ट्रात, वर्ध्याला, १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि तिला नाव मिळालं ‘नई तालीम’. सेवाग्रामची तालीम आणि कोल्हापुरातल्या गंगावेशीची तालीम एकाच राज्यात नांदत आहेत. दोन्ही ठिकाणी शरीराला वळण लावूनच माणूस घडतो असं मानतात, हे विशेष. यांतलं कोणतं खरं आणि कोणतं झिजलेलं, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? गंगावेशीच्या वस्तादासमोर उभं राहून तुमची ही जागा शिक्षणाची नाही, असं म्हणायची माझी छाती नाही, आणि तसं मला वाटतही नाही.

मग मी माझ्या आवडत्या शब्दाकडे पुन्हा गेले, या वेळी मुळाकडे न बघता त्याच्या शेजाऱ्यांकडे बघत. इटालियन शिकताना मला एक गोष्ट ठाऊक झाली होती, पण मी ती बाजूला ठेवली होती. इटलीतल्या ‘लिचेओ क्लासिको’ या शाळेची पाच वर्षं असतात आणि त्यांतल्या पहिल्या दोन वर्गांना आजही ‘चौथी जिन्नाझ्यो’ आणि ‘पाचवी जिन्नाझ्यो’ म्हणतात. आधीचे तीन वर्ग १९४० च्या सुधारणेत वेगळ्या माध्यमिक शाळेत गेले, आकडे मात्र राहिले. आणि डंबेल्स उचलायला इटालियन माणूस जातो ‘पालेस्त्रा’त. पालेस्त्रा म्हणजे ग्रीक पालाइस्त्रा, गिम्नाझियमच्या आतलं कुस्तीगृह. म्हणजे एका ग्रीक वाड्याची भावांत वाटणी झाली. कोणाला ओसरी आली, कोणाला माजघर, आणि प्रत्येक जण आपल्या हिश्शालाच वाडा म्हणतो.

खुद्द ग्रीसमध्ये काय, हा प्रश्न तर मी टाळतच होते. आज तिथे ‘यिम्नासिओ’ ही बारा ते पंधरा वयाच्या मुलांची शाळा, ‘लिकिओ’ ही त्यापुढची, आणि व्यायामाला जायचं ते ‘यिम्नास्तिरिओ’त. मला वाटायचं, बघा, ग्रीकांनीही शाळेचाच अर्थ ठेवला. पण स्वतंत्र ग्रीसच्या गादीवर १८३३ मध्ये बसला तो बव्हेरियाचा राजपुत्र ओटो; त्याच्याबरोबर जर्मन कारभारी आले, आणि १८३० च्या दशकात ग्रीसची माध्यमिक शिक्षणव्यवस्था बव्हेरियाच्या नमुन्यावर उभी राहिली. गिम्नाझियम म्हणजे शाळा हा अर्थ आधुनिक ग्रीसला मिळाला तो म्युनिककडून. मुलीनं आईला नवा अर्थ शिकवावा तसं झालं. ज्या मुळाची मी दुहाई देत होते, त्या मातीत आज वाढणारं रोप जर्मनीतून परत आणून लावलेलं होतं.

मग जर्मनांकडे तो अर्थ आला कसा? त्याला मी ‘राखणं’ म्हणत होते, पण ती निवड होती. सोळाव्या शतकातल्या मानवतावाद्यांनी ग्रीक जग पाहिलं ते ग्रंथांतून. रोमन लेखक सिसेरोनं तुस्कुलुमच्या आपल्या बंगल्यात बांधलेल्या दोन आवारांना ‘अकादमी’ आणि ‘लायसियम’ अशी नावं दिली होती. त्याच्या संवादांत तिथे माणसं चर्चा करतात. १५३८ मध्ये योहान्नेस स्टुर्मनं स्ट्रासबुर्गला आपलं प्रसिद्ध गिम्नाझियम काढलं ते या वाचलेल्या अथेन्सवरून. ते शहर आज फ्रान्समध्ये आहे, आणि फ्रान्समध्ये ‘झिम्नाझ’ म्हणजे खेळाचं सभागृह. तरी स्टुर्मची ती शाळा स्वतःला अजून झिम्नाझच म्हणवते.

पण सगळ्यांत मोठा धक्का मला दिला फ्रीडरिश लुडविग यान यानं. जर्मन व्यायाम चळवळीचा हा जनक. १८११ मध्ये बर्लिनजवळच्या हाझनहायडं इथे त्यानं उघड्यावर पहिलं व्यायाम-मैदान सुरू केलं. त्याच्या आधी गुट्समुट्सनं १७९३ मध्ये तरुणांसाठी व्यायामावर ग्रंथ लिहिला होता आणि त्याच्या नावात ग्रीक ‘गिम्नास्टिक’ हाच शब्द होता. यानला परका शब्द नको होता. नेपोलियनची फौज देशात असताना त्याला अस्सल जर्मन शब्द हवा होता, म्हणून त्यानं ‘टुर्नेन’ घेतला. तो शब्द जर्मनिक मुळाचा आहे अशी त्याची खात्री होती. प्रत्यक्षात तोही लॅटिन ‘तोर्नारे’तून आलेला, इंग्रजी ‘टुर्नामेंट’चा नातेवाईक. ते काही असो, व्यायामाचा अर्थ वाहायला जर्मनला दुसरा शब्द मिळाला. व्यायामशाळा ‘टुर्नहाले’ झाली आणि ग्युम्नाझियुम पुस्तकांसाठी मोकळं राहिलं. प्रशियानं १८२० मध्ये टुर्नेनवर बंदी घातली, ती १८४२ पर्यंत टिकली. तरी शब्द गेला नाही. जर्मनांनी गर राखला असं मी ज्याला म्हणत होते, त्यामागे एका राष्ट्रवाद्याची ग्रीक शब्दाबद्दलची नावड होती.

भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर मी विद्यार्थिदशेत वाचला होता. फ्रेंच ‘मुताँ’ म्हणजे मेंढी आणि तिचं मांसही. इंग्रजीत ‘मटन’ शेजारी ‘शीप’ असल्यामुळे मटनाच्या वाट्याला फक्त मांस येतं. शब्दाची किंमत त्याच्या शेजाऱ्यांवर ठरते, हे मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पटलं मात्र यानमुळे आणि तालमीमुळे. पोलिश माणूस ‘सिवोव्न्या’त जातो, म्हणजे ताकदीच्या जागी. सर्ब आणि क्रोएट ‘तेरेताना’त जातात, त्यात ओझ्याचा शब्द आहे. त्यांच्याकडे ‘गिम्नाझिया’ शाळेसाठी मोकळी आहे. डच मूल ‘खिम्नाझियुम’मध्ये शिकतं आणि तिथल्याच वेळापत्रकात त्याला ‘खिम’चा तास असतो; पहिला शब्द ग्रीक-लॅटिनचा, दुसरा उड्यांचा, आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. लोझानमध्ये फ्रेंच बोलणारी मुलं ‘झिम्नाझ’मध्ये गणित शिकतात, पॅरिसचा माणूस ते ऐकून क्षणभर थबकतो. पोलंडमध्ये तर कायद्यानं १९९९ मध्ये ‘गिम्नाझ्युम’ नावाची नवी तीन वर्षांची शाळा निर्माण केली आणि २०१९ मध्ये तिचा शेवटचा वर्ग बाहेर पडला. वीस वर्षांचा एक अर्थ, एका पिढीचा.

यातून मी ‘कोणताही अर्थ चालतो’ अशा ढिलाईकडे गेले असं कोणाला वाटेल. माझ्या एका जुन्या सहकारी बाईंना तसं वाटतंच. माझा अनुभव उलटा आहे. मुळाकडे बघणं सोडल्यावर मला शब्द आज, त्या देशात, त्या माणसांवर काय करतो ते दिसायला लागलं, आणि ते फार कठोर असू शकतं.

माझी एक माजी विद्यार्थिनी म्युनिकला संसार करते आहे. तिची मुलगी चौथीत असताना तिचा फोन आला. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही शिकवलं होतंत ग्युम्नाझियुम म्हणजे माध्यमिक शाळा. मग सगळी मुलं तिथे का नाही जात?” बव्हेरियात चौथीच्या अखेरीला जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांच्या श्रेणींची सरासरी काढतात. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर ग्युम्नाझियुमची शिफारस मिळते. नाहीतर दुसऱ्या प्रकारची शाळा, किंवा प्रवेशासाठी चाचणी वर्ग. दहा वर्षांची मुलं. बहुतेक राज्यांत ही वाटणी चौथीनंतर, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. काही राज्यांत पालकांचा शब्द अखेरचा असतो, एकत्र शाळाही आहेत, आणि पुढे वळून विद्यापीठाला पोचायच्या वाटाही आहेत; ते सगळं मी तिला सांगितलं. पण घरात मराठी, शाळेत जर्मन अशा मुलीला चौथीत जर्मनच्या तासाला काय झेपतं आणि काय नाही, ते आम्हा दोघींना माहीत होतं. तिचा आवाज ऐकताना मला माझं ‘गर आणि टरफल’ आठवलं आणि त्या वाक्याची लाज वाटली.

कारण ही भिंत त्या शब्दात कोणीतरी बांधलेली आहे. प्रशियानं १७८८ मध्ये शालान्त परीक्षा आणली, आबिटुर. १८१२ मध्ये ठरवलं, की जी शाळा मुलांना या परीक्षेसाठी तयार करून विद्यापीठाला पाठवू शकते, तिलाच ‘ग्युम्नाझियुम’ म्हणायचं. हुम्बोल्टच्या शिक्षणसुधारणांच्या त्या काळाबद्दल मला आजही आदर आहे. पण त्या दिवसापासून या शब्दाला दरवाजा आला आणि दरवाज्यावर पहारा. मुलींना तर तो कितीतरी काळ बंदच होता. कार्ल्सरुहंला मुलींचं पहिलं ग्युम्नाझियुम उघडलं १८९३ मध्ये. बाडननं विद्यापीठात मुलींना रीतसर प्रवेश दिला १९०० मध्ये, प्रशियानं १९०८ मध्ये. ज्या शब्दाला मी अथेन्सचा वारसा म्हणून मिरवत होते, त्याच्या दाराबाहेर माझ्यासारख्या बायका शतकभर उभ्या होत्या. अथेन्सच्या गिम्नाझियममध्येही बायका नव्हत्याच. पण तो माझ्या समर्थनाचा मुद्दा होऊ शकत नाही.

अशा शब्दांना आम्ही भाषाशिक्षक ‘फसवे मित्र’ म्हणतो. केस्लर आणि देरोकिन्यी यांनी १९२८ मध्ये फ्रेंच आणि इंग्रजीतल्या अशा जोड्यांवर पुस्तक काढलं, तिथून हे नाव रूढ झालं. मीही वर्षानुवर्षं या शब्दांची यादी फळ्यावर लिहून मुलांना सावध केलं. आता ते नाव वापरत नाही. फसवणूक करायला शब्दानं आधी काही वचन द्यावं लागतं, आणि जर्मन ग्युम्नाझियुमनं इंग्रजी जिमला कधीच काही वचन दिलेलं नव्हतं.

आपलाही एक शब्द या खेळात आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो: जिमखाना. हॉब्सन-जॉब्सन या जुन्या कोशानं त्याला अँग्लो-इंडियन बनावटीचा शब्द म्हटलंय. हिंदुस्तानी ‘गेंदखाना’ला इंग्रजी ‘जिम्नॅस्टिक्स’ची हवा लागून तो घडला, आणि १८६१ मध्ये रुरकीला तो प्रथम वापरात आला असं कोशकारांना वाटलं. मुंबईत १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला, पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना. आमच्याकडे त्याचे अर्थ तेव्हापासून वाढतच आहेत: क्लब, क्रिकेटचं मैदान, पुण्यातलं एक अख्खं उपनगर, कॉलेजच्या फीच्या पावतीवरचा एक रकाना. आयआयटीत तर ‘स्टुडंट्स जिमखाना’ नाटकापासून पोहण्यापर्यंत सगळं पाहतो. अथेन्सच्या आवाराशी सर्वांत जवळचं नातं कोणाचं असेल तर बहुधा याचंच. तो युरोपात गेला तेव्हा इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या तट्टूस्पर्धा झाला. इटलीत ‘जिमकाना’ म्हणजे अडथळ्यांतून नागमोडी गाडी काढणं, अगदी खड्डे चुकवत चालवणंसुद्धा. स्पेनमध्ये तो ‘यिंकाना’ झाला. एकामागून एक कोडी आणि कसरती सोडवत जायचा खेळ. पोर्तुगीजनं तो ब्राझीलला नेला आणि तिथे ‘जिंकाना’ म्हणजे शाळाशाळांत, गावागावांत चालणाऱ्या सांघिक स्पर्धा. साओ पावलोच्या मुलांना रुरकीचं नाव ठाऊक नाही, आणि त्यांच्या खेळाला मी झीज म्हणणार नाही. पूर्वी मी ते म्हटलं असतं, कारण मूळ आपलं आहे.

मराठी विद्यार्थ्यांसाठी मी जर्मन शब्दांची एक पुस्तिका करते, तिच्या नव्या आवृत्तीचं काम सध्या हातात आहे. आधीच्या आवृत्तीत ‘ग्युम्नाझियुम’समोर ‘माध्यमिक विद्यालय’ असं लिहिलं होतं. ते खोडलं आहे. आता तिथे शब्द देवनागरीत तसाच ठेवून खाली लिहिलं आहे: चौथी किंवा सहावीनंतर निवडीनं प्रवेश, आबिटुरपर्यंतचे वर्ग, राज्यागणिक नियम वेगळे, व्यायामशाळेसाठी ‘टुर्नहाले’ आणि ‘फिटनेसश्टूडिओ’ पाहा. नोंद लांबली आहे, प्रकाशकांना ती दोन ओळींत हवी आहे, आणि त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ‘तालीम’ची उलटी नोंद, मराठीतून जर्मनमध्ये, त्याहून लांब होणार आहे. तिच्यासाठी मी त्या कोल्हापूरच्या मुलाला पत्र लिहून विचारलं आहे, की तुमच्या पेठेत हा शब्द आज कोणकोणत्या वाक्यांत येतो, ते सगळं लिहून पाठव.